तुमच्या सॅकचा नंबर काय?

पाठीवरची सॅक जरा खाली ठेवा आणि नीट बघा. ब्रँड नको, खिसे किती तेही नको. ती बाहेरून कशाची आहे? पॉलिस्टर, नायलॉन, सुती कापड की प्लॅस्टिक शीट? परदेशातून सॅक आली की कस्टम्सला हेच हवं असतं: वस्तू कशासाठी बनवलीय आणि वरचं आवरण कशाचं आहे. यावरून तिला एक कोड मिळतो आणि कोडवरून ड्युटी ठरते.

हा झाला एचएस कोड. १९८८ पासून लागू असलेल्या या पद्धतीत पहिले सहा आकडे जगभर सारखे. पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो, भारतात एकूण आठ होतात. सुटकेस, सॅक, हँडबॅग, पाकीट ही सगळी मंडळी ४२०२ या हेडिंगमध्ये राहतात. कापडाच्या असल्या तरी! कापडाच्या विभागातूनच त्यांना बाहेर काढलंय.

या हेडिंगमध्ये एक अर्धविराम आहे आणि तो फार महागडा आहे. त्याच्या आधी सुटकेस, कॅमेऱ्याची केस, वाद्याची केस वगैरे. या साधारणपणे कशाच्याही चालतात. त्याच्या नंतर सॅक, हँडबॅग, दागिन्यांची पेटी वगैरे. या मात्र लेदर, कापड, प्लॅस्टिक शीट अशा ठरलेल्या मटेरियलच्याच किंवा त्याने मढवलेल्या हव्यात. म्हणून नुसत्या लाकडाची दागिन्यांची पेटी इथून उठून ४४२० मध्ये जाते.

बॅगेसोबतच्या वस्तूंचं काय? प्रवासात मानेला लावायची कापूस किंवा फायबर भरलेली उशी गाद्या-उश्यांच्या ९४०४ मध्ये जाते. डोळ्यांवरची कापडी पट्टी ६३०७ मध्ये. दुकानात सगळं एकाच रॅकवर, कस्टम्सच्या लेखी मात्र वेगवेगळी घरं.

यात पैसा किती? अमेरिकेत सुती सॅकवर मूळ ड्युटी ६.३ टक्के, पॉलिस्टर-नायलॉनच्या सॅकवर १७.६ टक्के. शिलाई तीच, चेन तीच, फक्त धागा बदलला. तिथे एसजीआय नावाच्या कंपनीने थंड पेयं ठेवायच्या मऊ कूलर बॅगा आणल्या. कस्टम्स म्हणे, ही बॅगच आहे, २० टक्के भरा. कंपनी म्हणे, हे खाण्यापिण्यासाठीचं घरगुती सामान आहे, ३.४ टक्के. १९९७ मध्ये अपील कोर्टाने कंपनीचं मानलं. पुढे २००२ च्या एचएसमध्ये 'खाद्यपेयांच्या इन्सुलेटेड बॅगा' हे शब्द ४२०२ मध्येच घातले गेले. म्हणजे तुमची डब्याची बॅग आता तिथलीच.

हे तुम्हाला कशाला? कारण चीनमधून शंभर सॅक मागवून इन्स्टावर विकायच्या, हा प्लॅन तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी केलेलाच असतो. भारतात २०११ पासून कोड आणि ड्युटी आयात करणाऱ्यानेच ठरवून भरायची असते. 'सप्लायरने इनव्हॉइसवर टाकला होता' हे उत्तर चालत नाही. कोड चुकला आणि ड्युटी कमी भरली गेली, तर फरक व्याजासकट मागता येतो. साधारण दोन वर्षं मागे जाऊन, आणि लपवाछपवी असेल तर पाच. तोवर माल विकून झालेला असतो, नफा खर्च झालेला असतो. मग नोटीस येते.

म्हणून ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बाहेरचं मटेरियल, कापड असेल तर कोणता धागा, आणि वापर. त्या घेऊन कस्टम्स ब्रोकरला भेटा. खरंच शंका असेल, तर माल मागवण्याआधीच निर्णय देणारं ॲडव्हान्स रूलिंगचं प्राधिकरण मुंबईत आहे. आणि स्वतः टॅरिफ उघडून ४२०२ एकदा वाचाच. तो अर्धविराम शोधायला पाच मिनिटं पुरतात.