दाब धरायचा की प्रवाह?

मुरुमसारख्या गावात इलेक्ट्रिकच्या दुकानात मोबाइलचा चार्जर आणि एलईडीचा ड्रायव्हर शेजारी-शेजारी मांडलेले असतात. चार्जरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ असे छापलेले असते. त्यातले ५ व्होल्ट हा शब्द पाळला जातो, २ अँपिअर ही फक्त वरची मर्यादा. म्हणून जास्त अँपिअरचा चार्जर लावला की फोन जळेल, ही भीती निराधार आहे. फोन लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. ड्रायव्हरवर मात्र ‘३०० मिलिअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट’ असे असते. इथे प्रवाह ठरलेला, दाब (म्हणजे व्होल्टेज) बदलता. दोन्ही एकाच वेळी धरून ठेवणे कुठल्याही सप्लायला जमत नाही, कारण एक ठरले की दुसरे समोरचा लोड ठरवतो. त्यामुळे काय स्थिर ठेवायचे, हे लोडचा स्वभाव पाहूनच ठरवायला हवे.

पांढरा एलईडी साधारण तीन व्होल्टवर चालतो, पण दाब दशांश व्होल्टने वाढला तरी प्रवाह बराच उसळतो. त्यात तापमान अंशाने वाढले की त्याला लागणारा दाब दोन-तीन मिलिव्होल्टने उतरतो. उन्हाळ्यात पत्र्याखालचा दिवा चाळीस अंशांनी तापला, तर हा फरक दशांश व्होल्टच्या घरात जातो. दाब तोच ठेवला तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता, उष्णतेने पुन्हा प्रवाह. म्हणून तिथे प्रवाहच बांधावा लागतो. यावर कोणी म्हणेल, सणासुदीच्या एलईडी पट्ट्या तर सरळ १२ व्होल्टवर चालतात. चालतात, कारण तीन एलईडींच्या जोडीला एक रोधक असतो. तो सुमारे तीन व्होल्ट स्वतःवर घेतो, म्हणजे पाव वीज नुसती उष्णतेत जाते. सजावटीला हे परवडते; रात्रभर जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्याला नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीला दोन्ही पद्धती लागतात, आणि त्या क्रमाने लागतात. उतरलेल्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीला थेट पूर्ण दाब दिला तर ती बेसुमार प्रवाह ओढते. म्हणून आधी साधारण १५ अँपिअर स्थिर ठेवायचे. दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचला की तो धरायचा; मग प्रवाह आपोआप ओसरतो. शेवटपर्यंत प्रवाह रेटला तर चार्जिंग लवकर होईल, हा समज घातक आहे. भरत आलेल्या बॅटरीत त्या जादा विजेने पाण्याचेच हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. बॅटरीतले पाणी वारंवार आटत असेल, तर नुसते पाणी घालत बसण्याआधी चार्जरचा वरचा दाब मीटरने मोजून घ्यावा.