शाईचा जमाखर्च

जुलै 2021 च्या महापुरानंतर तीन आठवड्यांनी मी महाडला गेलो. 22 जुलैला सावित्री आणि गांधारी यांच्या पाण्यात बाजारपेठेचे तळमजले बुडाले होते. त्याच दिवशी तालुक्यातले तळीये दरडीखाली गेले होते. अशा वेळी आपल्या चार कागदांची चौकशी करायला जाणे शोभले नसते. मी गेलो होतो मित्राला भेटायला. नव्वदच्या दशकात मी महाडला एका बँकेत अधिकारी होतो, तेव्हाचा हा माझा शेजारी, पेशाने शिक्षक. बदलीच्या नोकरीत सामान जितके कमी तितके बरे, म्हणून माझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित मी त्याच्याच कपाटात ठेवून गेलो होतो आणि मग विसरलोही होतो.

चहा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं बाड सापडलं बरं का. पण बघवणार नाही तुम्हाला."

जुन्या लुगड्यात बांधलेले ते बाड त्यांनी पुढ्यात ठेवले. फुलस्केप कागद एकमेकांना चिकटले होते. सुटतील तेवढे सोडवले, तर त्यांवर अक्षर म्हणून काही नव्हतेच. सगळीकडे फिकट निळा डाग. त्याच बांधणीत त्याच कादंबरीची छापील प्रत होती. ती पावासारखी फुगली होती, तिला चिखलाचा वास येत होता, पण तिच्यातला शब्द न् शब्द वाचता येत होता. कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा होता. त्याचेही तसेच. कागदाचा लगदा व्हायला आला होता, मथळे मात्र जागच्या जागी.

हाताने लिहिलेले पुराने नेले आणि छापलेले ठेवले. लेखकाच्या अहंकाराला लागणारी ही गोष्ट. पण दुःख ओसरल्यावर मनात आले, असे का व्हावे?

याचे उत्तर आपल्या घरातच आहे. फाउंटन पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी आले की तो पाण्याबरोबर निघाला. वर्तमानपत्राची काळी शाई म्हणजे तेलात खललेली काजळी. आजी दिव्यावर धरलेली काजळी तुपात कालवून नातवाच्या डोळ्यांत घालायची, ते काजळ नुसत्या पाण्याने कधी निघाले आहे का? तेच हे. तेल पाण्याला जवळ येऊ देत नाही आणि काजळी तेलाला सोडत नाही.

शाई निघू नये ही आम्हा बँकवाल्यांची जन्माची काळजी. लेजरमध्ये खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. धनादेशावरची रक्कम कोणी रसायनाने धुऊन तर काढली नाही ना, हे पाहण्यासाठी तो दिव्याखाली धरायचा. त्यामुळे शाई काढणे हाच ज्यांचा धंदा, अशी माणसे मला पहिल्यांदा भेटली तेव्हा गंमतच वाटली होती.

झाले असे, की मुदत संपलेली व्हाउचरे आणि लेजरे आम्ही रद्दीत काढत असू. ती कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून थेट कागद कारखान्यात, आपल्या डोळ्यांदेखत लगद्यात टाकायची. त्या कामावर साक्षीदार म्हणून एकदा मला घाटावरच्या एका कारखान्यात पाठवले होते. भल्यामोठ्या मिक्सरसारखे एक यंत्र गरम पाणी घुसळत होते. त्याला ते 'पल्पर' म्हणत. आमच्या शाखेचा वीस वर्षांचा हिशेब त्यात पडला आणि वीस मिनिटांत त्याची करड्या रंगाची पेज झाली.

"आता यातली शाई काढायची," तिथले केमिस्ट म्हणाले. "खरं काम आता सुरू होतं."

हे काम वाटते तितके नवे नाही. जर्मनीत ग्योटिंगेन येथे युस्टुस क्लाप्रोथ नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते. छापील कागदाची शाई धुऊन त्यापासून पुन्हा कागद करता येतो, हे त्यांनी 1774 मध्ये पुस्तिका लिहून सांगितले. इंग्लंडात मथायस कूप्स यांनी 1800 मध्ये याच कामाचे पेटंट घेतले. रीत आजही मुळात तीच आहे. गरम पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घातला की कागदाचे तंतू फुगतात आणि शाईची पकड ढिली होते. जुन्या वर्तमानपत्राचा लगदा सोड्याने पिवळा पडतो, म्हणून जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड. पण सुटलेली शाई पुन्हा तंतूंवर बसू नये, यासाठी लागते ते साबणाच्या जातीचे रसायन. त्याला उद्योगात 'सर्फॅक्टंट' म्हणतात.

सर्फॅक्टंटच्या रेणूला दोन टोके. एकाला तेल आवडते, दुसऱ्याला पाणी. तेलाचे टोक शाईच्या कणात रुतते, पाण्याचे बाहेर राहते. असे हजारो रेणू चहूबाजूंनी चिकटले की शाईचा कण पाण्यात तरंगू लागतो. रिठ्याने साडीचा मळ निघतो किंवा साबणाने कढईचे तेल निघते, ते याच न्यायाने.

सुटलेली शाई बाहेर काढण्याचे दोन मार्ग. मोठे कण असतील तर टाकीत खालून हवा सोडायची. शाई बुडबुड्यांना चिकटून वर येते आणि काळा फेस वरच्या वर निपटून घेता येतो. खनिजापासून माती वेगळी करण्याची ही युक्ती कागदवाल्यांनी 1950 च्या दशकात उचलली. अगदी बारीक कण मात्र बुडबुड्यांना दाद देत नाहीत. ते जाळीवर लगदा धुऊनच काढावे लागतात. इथे फेस म्हणजे शत्रू. तो तंतूंना वर उचलतो, टाक्यांतून उतू जातो, पंपात हवा भरतो आणि तयार कागदावर डाग किंवा भोके पाडतो. घरी पुढून दाराच्या वॉशिंग मशीनमध्ये साधी पावडर घातली की फेस कसा दाराबाहेर येतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. त्या मशीनला जशी कमी फेसाची वेगळी पावडर, तसे या कामाला कमी फेसाचे सर्फॅक्टंट.

त्यातली एक खुबी मला फार आवडली. या जातीतली काही रसायने थंड पाण्यात विरघळतात, पण पाणी ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्यातून वेगळी होऊ लागतात. पाणी ढगाळ दिसते आणि तेच सूक्ष्म थेंब फेस मोडतात. म्हणजे एकाच रसायनाने मळही काढायचा आणि फेसही आवरायचा.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर भुसावळहून खांडव्याकडे निघावे. बऱ्हाणपूर मागे पडले की नेपानगर लागते. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना तिथला. 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. सुरुवातीला तिथे सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून कागद होई. पुढे जंगल आटले आणि कारखाना रद्दीकडे वळला. नूतनीकरणानंतर 2022 मध्ये तो पुन्हा सुरू झाला, तो रद्दीतून शाई काढण्याच्या नव्या विभागासह. आपण वाचून टाकलेल्या बातमीवर उद्याची बातमी छापायची, ही कल्पना कोणालाही आवडावी. झाड वाचते, वीज वाचते. मलाही आवडते. पण बँकेत जन्म गेलेल्या माणसाला एक खोड असते. एका खात्यावर रक्कम नावे पडली, की ती जमा कुठे झाली हे तो शोधतो.

शाई कागदावरून गेली. जमा कुठे झाली?

शंभर किलो रद्दी घातली तर साधारण पंधरा ते वीस किलो माल कागद म्हणून परत येत नाही. त्यात शाई असते, कागदावरची चिकणमाती आणि खडू असतो, झिजून बारीक झालेले तंतू असतात. (एक तंतू पाच-सात फेऱ्यांपलीकडे टिकत नाही.) हा काळा गाळ नीट पिळून काढला तर विटांत, सिमेंटच्या भट्टीत कामी येतो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतच, कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या टर्पेंटाइनपासून सुगंधी द्रव्ये बनतात. तेव्हा एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल होतो, हे खरे. प्रश्न उरतो तो पाण्याचा. सर्फॅक्टंट जाते ते पाण्याबरोबर.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत कृत्रिम डिटर्जंट आली आणि नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. ती रसायने जिवाणूंना पचत नव्हती. फेस दिसत होता, म्हणून लोक ओरडले. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला, अमेरिकी उद्योग 1965 मध्ये पचणाऱ्या रसायनांकडे वळला. मग शाई काढायलाही स्वस्त म्हणून वापरली जाणारी एक जात होती, नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट. ती नदीत गेल्यावर अर्धवट मोडायची, आणि उरलेला तुकडा मुळापेक्षा विषारी. माशांच्या संप्रेरकांत तो ढवळाढवळ करी. डोळ्यांना काही दिसत नसल्यामुळे ते कळायला वेळ लागला. कागद उद्योगासह अनेक ठिकाणी युरोपीय संघाने त्यावर बंधन घातले ते 2003 मध्ये.

हे वाचताना मला माझ्या शाखेतले एक बचत खाते आठवले. सावित्रीत मासे धरणारे एक वयस्क भोई दर आठवड्याला थोडे पैसे भरायला येत. मग ते येईनासे झाले. एकदा रस्त्यात भेटले तेव्हा मी विचारले, "काका, बँकेला विसरलात का?"

ते म्हणाले, "सायेब, आधी पान्यावर फेस यायचा, तवा आमी जालं टाकत नव्हतो. आता फेस गेला. पन मासा बी गेला."

पाणी कोणाचे होते, त्यात काय होते, हे त्यांना सांगता आले नाही आणि मलाही येणार नाही. पण मला माझे सांगता येते. त्या वर्षांत कारखान्यांचे कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. तारण, खेळते भांडवल, नफ्याचा अंदाज, सगळे मी बोट ठेवून तपासायचो. सांडपाण्याबद्दल एक ओळ असे: 'योग्य ती व्यवस्था केली जाईल.' त्या ओळीपुढे मी निमूट बरोबरची खूण करायचो. कोणती व्यवस्था, किती खर्चाची, गाळ कोण नेणार, हे मी एकदाही विचारले नाही. फेस नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असे मीही धरून चाललो होतो.

आज वसाहतीला सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, तपासण्या आहेत. पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल हे मोजतात. ते आकडे नागरिकांनी मागावेत, वाचावेत. बँकेचे पासबुक वाचतो तसे. कमी फेसाचे रसायन चांगलेच आहे, पण ते यंत्राच्या सोयीसाठी आहे. नदीला ते पचते की नाही, हा वेगळा प्रश्न आणि तो वेगळाच विचारावा लागतो.

परतताना मी पोलादपुरात थांबलो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री घाट उतरून इथे येते. इथून खाली महाड. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते गाव. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे ज्या गावाने देशाला दाखवले, तिथल्या पाण्यात काय आहे हे विचारण्याचा हक्कही त्यातच आला, असे मला वाटते.

वाचकांना म्हणाल तर घरच्या घरी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. रद्दी माळ्यावर वर्षानुवर्षे साठवू नये. उन्हाळ्याच्या उष्म्यात शाईतले तेल कागदाला घट्ट धरते आणि मग ती सुटता सुटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी दिलेली रद्दी लवकर धुतली जाते, रसायन कमी लागते. ती कोरडी ठेवावी, तेलकट कागद तिच्यात मिसळू नयेत. आणि भजी छापील कागदात बांधू नयेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये तसे बजावले आणि 2018 च्या नियमांत मनाईच केली. जी काजळी काढायला कारखान्याला एवढा खटाटोप करावा लागतो, ती गरम तेलाने आपण पोटात का घ्यावी?

मित्राकडची भिजलेली वर्तमानपत्रे रद्दीवाल्याने घेतली नाहीत. बुरशी लागलेला कागद घाटावर कोणी घेत नाही, म्हणाला. माझे बाड मात्र मी घरी आणले. गच्चीवर दोन दिवस वाळत घातले. कागद चांगले निघाले, जवळजवळ कोरे. ते पाहताना मनाशी म्हटले, आपल्या या शाईपुरते तरी खाते आपल्याला ठाऊक आहे. ती सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत गेली.

तिच्याबरोबर आणखी काय गेले, ते मी आता विचारू लागलो आहे.