दोन किलो वजनाची किंमत

दर 25 सेकंदांना एक माणूस. 2023 साली टीबीने जगभरात साडेबारा लाख बळी घेतले, त्याचा हा हिशेब. त्या वर्षी आजारी पडलेले 1 कोटी 8 लाख. त्यांतले सुमारे 28 लाख भारतातले, म्हणजे मिनिटाला पाच.

जंतू शरीरात शिरलेल्यांची गणती तर 200 कोटींच्या घरात जाते. जगातला जवळपास दर चौथा माणूस! पण त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जन्मभर आजारी पडत नाहीत, कारण प्रतिकारशक्ती जंतूला दाबून ठेवते. पोट अर्धं राहिलं की ती खचते. जगात वर्षाकाठी सुमारे दहा लाख जणांना टीबी होतो तो कुपोषणापायी.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने 2019 पासून 2,800 रुग्णांना औषधांसोबत शिधाही दिला. यांतल्या जवळपास निम्म्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 16 च्याही खाली होता. 162 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा बीएमआय 16 असेल, तर त्याचं वजन भरतं जेमतेम 42 किलो. शिधा महिन्याला 10 किलो: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यातून रोज 1,200 कॅलरी आणि 52 ग्रॅम प्रथिनं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी आढळला. 42 किलोच्या माणसासाठी हे 5 टक्के म्हणजे फक्त 2 किलो 100 ग्रॅम.

रुग्णांच्या घरातल्या 10,345 माणसांवरही लक्ष ठेवलं गेलं. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्या टीबीचं प्रमाण इतर घरांपेक्षा 39 टक्क्यांनी कमी राहिलं. लस नाही, नवी गोळी नाही. वाढलं ते ताटातलं अन्न.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला आता महिना 1,000 रुपये मिळतात, दिवसाला 33. त्याऐवजी शिधाच द्यायचा म्हटला तर? 28 लाख रुग्णांना सहा महिने 10-10 किलो, म्हणजे 1 लाख 68 हजार टन. आकडा छाती दडपवणारा खरा; पण 80 कोटी लोकांना सरकारकडून मिळणारं माणशी महिना 5 किलो मोफत धान्य धरलं, तर वर्षाला 4 कोटी 80 लाख टन होतं. त्यातल्या दर शंभर किलोंमागे 350 ग्रॅम, एवढाच हा वाटा.