किड्याचा पुतळा, अंगणातला हापसा आणि कार्व्हर

वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलेल्या माणसाला टस्कीगी परकं वाटत नाही. ते अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात आहे. तिथल्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये त्या संस्थेत आले आणि १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. १९०६ पासून त्यांची शाळा घोडागाडीत बसून थेट शेतकऱ्यांच्या बांधावर जायची. शेंगदाण्याचे खाद्यपदार्थ करण्याच्या १०५ रीती सांगणारी त्यांची पुस्तिकाही खरी. पीनट बटरचा शोध मात्र त्यांचा नव्हे. लाखो लोक तसं समजतात म्हणून हे मुद्दाम सांगितलं!

आता त्याच राज्यातलं एंटरप्राइज हे गाव बघा. कापसाची बोंडं पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्यानं इथली शेती बुडवली. शेतकरी भुईमुगाकडे वळले आणि हाती चांगला पैसा आला. मग गावानं १९१९ मध्ये भर चौकात त्या किड्याचंच स्मारक उभारलं! सुरुवातीला तिथे डोक्यावर हात उंचावलेली नुसती स्त्री होती. तिच्या हातात किडा आला तो तब्बल तीस वर्षांनी. बोंडअळीनं पोळलेल्या आपल्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला या स्मारकाचं मोल वेगळं सांगायला नको.

याच राज्यातलं बर्मिंगहॅम हे लोखंडाचं शहर. तिथल्या टेकडीवर अग्निदेव व्हल्कनचा ५६ फुटी ओतीव लोखंडी पुतळा आहे. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो घडवला गेला. परत आल्यावर जाहिरातीसाठी त्याच्या हातात चक्क आइस्क्रीमचा कोनही दिला होता.

राज्याच्या उत्तरेला टस्कंबियात अंध-बधिर हेलन केलरचं घर आहे. १८८७ मध्ये तिच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी ज्या हापशाच्या धारेखाली तिचा हात धरून तळव्यावर ‘पाणी’ लिहिलं, तो हापसा अजून अंगणात आहे. शेजारच्याच शेफिल्डमध्ये, एका साध्या बैठ्या इमारतीतल्या स्टुडिओत, १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सनी गाणी ध्वनिमुद्रित केली.

मनरोव्हिलमध्ये हार्पर ली आणि ट्रुमन कपोटी लहानपणी शेजारी-शेजारी राहत. लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतला डिल बेतलाय तो या छोट्या ट्रुमनवरच. तिथल्या जुन्या न्यायालयाचं आता संग्रहालय झालं आहे.

आणि रोझा पार्क्स? १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. त्यानंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला. त्यांचे नेते होते अवघे २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग. त्यांचं विटांचं चर्च राज्याच्या विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि त्याच विधानभवनाच्या दारात १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बंडखोर राज्यांच्या अध्यक्षानं शपथ घेतली होती. रोझाबाईंचं जन्मगाव? टस्कीगी!