मायना : जुन्या मराठी पत्रांतील आदराची भाषा

जुन्या दप्तरांतून निघालेलीं पत्रें नकलून घेतांना नक्कलकारास कंटाळा येतो तो बहुधा आरंभींच्या दोन ओळींचा. प्रत्येक पत्रांत तींच विशेषणें, तोच नमस्कार, तेंच कुशल. मग नकलेंत 'मायना नेहमींप्रमाणें' एवढे शब्द लिहून तो मजकुरास हात घालतो. छापणारेहि पुष्कळदां हीच वाट धरतात. यांत जागा वांचते खरी, पण पत्र कोणीं कोणास कोणत्या नात्यानें लिहिलें याचा जो पुरावा खुद्द लेखकानें ठेविला होता, तो नाहींसा होतो. प्रस्तुत लेखांत मायन्याची रचना कशी असते, तींत आदराचे दर्जे कसे दाखविले जातात आणि त्यांचा संशोधकास उपयोग काय, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

(१) परंपरा. कोणास कसें लिहावें याचे नियम आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून ग्रथित झालेले आहेत. गुजराथेंतील 'लेखपद्धति' हा नमुन्यांचा संग्रह १९२५ सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. मिथिलेच्या विद्यापतीची 'लिखनावली' त्याच जातीची. वररुचीच्या नांवावर असलेल्या 'पत्रकौमुदी'त तर श्रीकारांची संख्याच ठरवून दिली आहे : गुरूस सहा, धन्यास पांच, शत्रूस चार, मित्रास तीन, सेवकास दोन आणि पुत्रास व भार्येस एकेक. शत्रूस मित्रापेक्षां एक श्री अधिक, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण आदराची भाषा ही प्रेमाच्या मापानें मोजावयाची नसते, हें तत्त्व तींत स्पष्ट झालें आहे. महाराष्ट्रांत यादवांचा मंत्री हेमाद्रि याच्या नांवावर चालणारीं 'मेस्तकें' कारकुनी पेशाच्या घराण्यांत नकललीं जात. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशां'त लेखनवर्ग हा एक स्वतंत्र वर्गच आहे. पुढें पंतोजींच्या शाळांतून मुलांस मोडी अक्षर व हिशेब यांबरोबर मायनेहि घोकावे लागत. तात्पर्य, मायना हा लेखकाच्या लहरीचा विषय नव्हता. तें शिकविलें जाणारें शास्त्र होतें.

(२) अंगें. पेशवाईंतील सामान्य पत्र पाहिलें तर माथ्यावर 'श्री' किंवा कुलदैवताचें नांव. खालीं ज्यास पत्र लिहावयाचें त्याचें नांव व विशेषणें. नंतर लिहिणाराचें नांव, त्याचें नातें व नमस्कार. मग कुशलाचें वाक्य. 'विशेष' किंवा 'उपरी' या शब्दानें मजकुरास आरंभ. आणि अखेर समाप्तीचें वचन, असा क्रम आढळतो. पत्राच्या पाठीवरचा सरनामा हा निराळा. या प्रत्येक अंगांत चढउतार आहे.

पहिलें अंग नांवांचा क्रम. विनंतिपत्रांत वडिलाचें नांव आधीं व आपलें नंतर येतें. राजाज्ञेंत उलट : छत्रपतींचें नांव बिरुदांसह प्रथम, त्यांनीं अमक्यास 'आज्ञा केली ऐसीजे' असें वाक्य मागाहून. दुसरें अंग संबोधनाचें टोंक. 'गोसावी यांसी' हें बरोबरीच्या किंवा मानाच्या सरदारास. 'स्वामींचे सेवेसी' हें त्याहून वरच्यास. 'वडिलांचे सेवेसी' हें घरांतल्या वडीलधाऱ्यास. येथें 'गोसावी' म्हणजे धनी, स्वामी एवढाच अर्थ. तो पाहून नव्या वाचकानें पत्र एखाद्या बैराग्यास लिहिलेलें समजूं नये.

तिसरें अंग लिहिणाराचें स्वतःविषयींचें पद. 'सेवक', 'पोष्य', 'स्नेहांकित', 'अपत्यें' हीं पदें नुसतीं शोभेचीं नव्हेत. पेशवे होळकरांसारख्या सरदारास लिहितात तेव्हां 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य' असा त्यांचा गौरव करून स्वतःस 'स्नेहांकित' म्हणवितात, आणि पुढें 'आशीर्वाद' घालतात. मोडींत हें 'स्नेहांकित' केवळ 'श्नो' अशा संक्षेपानें लिहिलेलें असतें, त्यामुळें अनभ्यस्त वाचक तेथें अडखळतो. 'अपत्यें' या पदानें तर वंशावळीच बिघडावयाच्या. चिमाजी आप्पा धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहितांना स्वतःस 'अपत्यें' म्हणवितो. आप्पा बाळाजी विश्वनाथाचा पुत्र हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें तेथें घोटाळा होत नाहीं. परंतु अप्रसिद्ध घराण्याच्या पत्रांत याच पदावरून पितापुत्रसंबंध गृहीत धरल्यास चूक कोठवर जाईल हें सांगणें नको.

(३) क्रियापदांतील आदर. विशेषणांपेक्षां अधिक विश्वसनीय खूण क्रियापदांत सांपडते, कारण विशेषणें संवयीनें लिहिलीं जातात, क्रियापद मात्र लिहिणाराच्या खऱ्या पायरीप्रमाणें वळतें. कुशलाचेंच वाक्य घ्या. 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणें' असें जेथें आहे तेथें लिहिणारा वरचा किंवा निदान खालचा नाहीं. 'लिहीत असलें पाहिजे' असें आलें कीं ज्यास पत्र लिहिलें त्याचा मान वाढला. मजकुरांतहि हाच प्रकार. 'फौज पाठवणें' ही आज्ञा. 'पाठवावी' ही सूचना. 'पाठविली पाहिजे' ही विनंति. आणि 'पाठवावयाविशीं आज्ञा केली पाहिजे' हें धन्याशीं बोलणें. शेवटच्या रूपांत काम करणारा कोणी तिसराच. धन्यानें स्वतः काम करावें असें म्हणण्याचा उद्धटपणा होऊं नये म्हणून त्यानें आज्ञाच करावी, एवढी विनंति. मागणें तेंच, पण जों जों मान वाढतो तों तों वाक्य लांबत जातें.

पत्र मिळाल्याचें सांगतांनाहि भेद पडे. वरून आलेलें आज्ञापत्र सामान्यतः 'सादर' होई. खालून गेलेलें 'प्रविष्ट' होई. समाप्तींत 'जाणिजे' हें सत्तेचें, 'हे आशीर्वाद' हें वडीलपणाचें, 'हे विनंति' हें बरोबरीचें वा लीनतेचें, आणि 'हे विज्ञापना' हें श्रेष्ठापुढचें वचन. 'बहुत काय लिहिणें, लोभ असों दीजे' यांत स्नेहाची याचना असली तरी ती नियमाची याचना होय. शेवटीं उठविलेली लहान मुद्राहि याच शिस्तींतली. शिवछत्रपतींच्या पत्राअखेरच्या मुद्रेंत 'मर्यादेयं विराजते' अशीं अक्षरें आहेत. लेखनाची मर्यादा व वागणुकीची मर्यादा यांस आपल्या भाषेंत शब्द एकच, हा योगायोग नव्हे असें आम्हांस वाटतें.

(४) नमस्काराचा तंटा. मायन्यांतील नमस्कार जातिपरत्वें व दर्जापरत्वें बदले : ब्राह्मण परस्परांस 'साष्टांग नमस्कार' लिहीत, इतरांस 'आशीर्वाद', सरदारमंडळींत 'रामराम' आणि 'दंडवत' चाले. हा केवळ शिष्टाचार होता असें कोणी म्हणेल, तर त्यानें मुंबईचें १७७९ सालचें प्रकरण पाहावें. सोनारांनीं 'नमस्कार' हा शब्द वापरूं नये अशी पेशव्यांकडून वारंवार तक्रार गेल्यावरून कंपनीच्या मुंबई सरकारानें त्या वर्षीं ठराव करून तो वापरण्यास सोनार ज्ञातीला मनाई केली व तसें ज्ञातीच्या मुख्यास कळविलें. हें साल पेशवे व इंग्रज यांच्यांतील पहिल्या युद्धाच्या काळांतलें आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे एका शब्दाचें वजन केवढें होतें तें कळेल. ज्यांना तो शब्द नाकारला गेला त्यांच्या दृष्टीनें पाहतां, सभ्यता ही जशी माणसांना जोडते तशीच त्यांना पायरीवर उभें करून ठेवते, हेंहि येथें उघड होतें. मायन्यांचा अभ्यासक या दुसऱ्या बाजूकडे डोळेझांक करील तर त्याचा इतिहास अर्धाच राहील.

(५) कालनिर्णय. मायना राज्यक्रांतीबरोबर बदलतो. राज्याभिषेकापूर्वींच्या शिवकालीन पत्रांत 'अज रख्तखाने राजश्री सिवाजी राजे दाम दौलतहू' हा फारसी थाटाचा आरंभ व सुहूर सन आढळतो. १६७४ सालीं राज्याभिषेक झाल्यावर 'स्वस्तिश्री राज्याभिषेक शक' व 'क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपति' हा संस्कृत थाट आला. नवें राज्य प्रथम पत्राच्या पहिल्या ओळींत वाचावयास मिळतें तें असें. अर्थात् १६७४ पूर्वींची मिति असलेल्या कागदांत 'छत्रपति' व 'क्षत्रियकुलावतंस' हीं पदें आलीं असतील, तर संग्राहकानें तो कागद बारकाईनें तपासावा. वतनांच्या तंट्यांत बनावट कागद पुढें येत, आणि बनावट करणारास मजकूर साधतो पण मायना साधत नाहीं. तो आपल्या काळचा मायना जुन्या माणसाच्या तोंडीं घालतो. तथापि एकट्या मायन्यावर निकाल देऊं नये. मागाहून झालेली प्रामाणिक नक्कल असली तरीहि नवा मायना शिरूं शकतो. कागद, अक्षर, शिक्का, मिति व मायना या पांचांची एकवाक्यता पाहावी.

(६) नम्रता आणि सत्ता. मायन्यावरून मनांतला भाव काढण्याचा मोह आवरला पाहिजे. १७९२ सालीं महादजी शिंदे बादशाही फर्मान घेऊन पुण्यास आला तेव्हां सवाई माधवरावांपुढें त्यानें पेशव्यांचे जोडे उचलण्याचा आपला वडिलोपार्जित अधिकार सांगितला व स्वतःस पाटीलच म्हणविलें, अशी हकीकत मालकम व ग्रँट डफ या दोघांनींहि दिली आहे. त्या वेळीं हिंदुस्थानांत त्याच्याएवढी फौज बाळगणारा दुसरा मराठा सरदार नव्हता. त्याची लीनता खोटी होती असें नव्हे, आणि ती खरी होती म्हणून त्याची सत्ता कमी होती असेंहि नव्हे. दरबारांत दोन्ही एकत्र नांदत. पत्रांतील 'सेवक' हें पद याच रीतीनें वाचावयास हवें : तें नात्याची जागा सांगतें, बळ सांगत नाहीं.

(७) अवशेष. हीं रूपें अगदींच लुप्त झालीं असें मात्र नाहीं. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री, 'वे. शा. सं.' म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, 'कृ. सा. न. वि. वि.' म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति विशेष. 'ती. रू.' हें प्रत्यक्ष वडिलांस आणि 'ती. स्व.' हें वडिलांसमान इतरांस, हा विवेक आमच्या आजोबांच्या पिढीच्या कार्डांतून कटाक्षानें पाळलेला दिसतो. पत्रेंच लिहिलीं जात नाहींत अशा आजच्या काळांतहि लग्नपत्रिकेवर 'चि.' व 'चि. सौ. कां.' टिकून आहेत. बोलण्यांत तर मायन्याचें तत्त्व अजून जिवंत आहे. निघतांना आपण 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणतों. बांगडी फुटत नाहीं, 'वाढते'. दुकान बंद न करतां 'वाढवितात'. वडिलांस 'बसा' याऐवजीं 'बसावें' म्हणणाराला ठाऊकहि नसतें कीं तो पेशवाईंतल्या कारकुनाचीच पायरी मोजीत आहे.

(८) विनंति. शेवटीं संग्राहक बंधूंस तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, नक्कल करतांना मायना अक्षरशः, संक्षेपासुद्धां, उतरून घ्यावा; 'नेहमींप्रमाणें' हा शेरा मारूं नये, कारण तो 'नेहमींप्रमाणें' होता कीं नाहीं हेंच तर पुढच्या संशोधकास पाहावयाचें असतें. दुसरी, एकाच व्यक्तीचीं एकाच व्यक्तीस लिहिलेलीं पत्रें मितिवार लावून मायन्यांत कोठें पालट झाला तें टिपावें. एखाद्याचा अधिकार वाढला किंवा मन दुखावलें, त्याची पहिली चाहूल पुष्कळदां तेथेंच लागते. तिसरी, ज्या पत्रांचा माथा वाळवीनें खाल्ला असेल त्यांतील क्रियापदें व समाप्तीचें वचन पाहून लिहिणाराची पायरी ठरवावी. नांव गेलें तरी नातें बहुधा उरलेलें असतें. शिळ्या समजून वगळलेल्या या दोन ओळींत आपल्या पूर्वजांनीं एकमेकांचा मान कसा राखला, आणि कोणाचा राखला नाहीं, या दोहोंची साक्ष आहे. ती पुसूं न देणें आपल्या हातीं आहे. बहुत काय लिहिणें.