दारूचा गुन्हा, अपघात आणि गाडीचा विमा: शेवटी पैसे कोण भरतं?

आजचा विषय असा आहे की तो आपल्यापैकी प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला माणूस, परवाना निलंबित असतानाही गाडी काढणारा माणूस, यांच्या विम्याचं काय होतं? यावर आपल्याकडे दोन ठाम मतं ऐकू येतात. पहिलं, 'विमा आहे ना, कंपनी बघून घेईल.' दुसरं, 'प्यायलेला होता ना, मग विमा गेला, कुणालाच काही मिळणार नाही.' दोन्ही चुकीची आहेत. त्यातलं दुसरं जास्त घातक, कारण त्याच्यापायी जखमी माणसाचं कुटुंब दावा लावायलाच जात नाही.

आधी पॉलिसी उघडून बघू. तिच्यात मुख्य भाग दोन. एक, आपल्या गाडीचं नुकसान, म्हणजे 'ओन डॅमेज'. हा ऐच्छिक. दुसरा, आपल्या गाडीमुळे तिऱ्हाईताला झालेली इजा किंवा मृत्यू, म्हणजे 'थर्ड पार्टी'. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा. गंभीर गुन्हा घडला की हे दोन भाग अगदी वेगळे वागतात.

पहिल्या भागात दया नाही. चालक दारूच्या अमलाखाली असेल तर आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही, असं पॉलिसीत लिहिलेलंच असतं. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. मग कुणी म्हणेल, 'माझी रक्ततपासणी झालीच नाही, सिद्ध कसं करणार?' दिल्लीत २००७ साली इंडिया गेटजवळ एक पोर्श गाडी अपघातात खाक झाली, तेव्हा हाच मुद्दा निघाला. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, तपासणीचा आकडा नसला तरी इतर परिस्थितीवरून विमा कंपनी ते दाखवू शकते. तोंडाला येणारा दारूचा वास, अपघात कसा झाला, या सगळ्याचा एकत्र विचार होतो. त्या मालकाला भरपाई मिळाली नाही.

आता दुसरा भाग. समजा, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका कामगाराला अशा गाडीने उडवलं. दारू चालक प्यायला, कामगार नाही. पॉलिसीची अट मोडली मालकाने किंवा चालकाने, त्याची शिक्षा कामगाराच्या बायकोमुलांना का? म्हणून न्यायालयांनी एक वाट काढली: 'आधी भरा, मग वसूल करा.' कंपनीने नुकसानभरपाई दावेदाराला द्यायची आणि नंतर तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची. २००४ च्या स्वर्ण सिंह निकालात या विषयाची सविस्तर चर्चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं हा कंपनीच्या बचावाचा मुद्दा म्हणून स्पष्ट लिहिला गेला. त्यामुळे असा आदेश आपोआप मिळेल असं धरून चालू नये. न्यायाधिकरण प्रकरण बघून ठरवतं. पण म्हणून दावाच लावायचा नाही, हे मात्र चूक. आणि लावायचा तर लवकर लावा, कारण त्याच दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

आता मालकाच्या बाजूने हिशोब करू. कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १०,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण समजा, न्यायाधिकरणाने २५ लाखांची भरपाई ठरवली आणि कंपनीला वसुलीचा अधिकार दिला, तर ते २५ लाख, व्याजासकट, मालकाच्या डोक्यावर. दंड भरून गुन्हा मिटला तरी हे कर्ज मिटत नाही.

मग अशा माणसाचा पुढच्या वर्षीचा हप्ता वाढतो का? थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिनवर. २०२२ च्या दरांनुसार खासगी मोटारीला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. दोनदा पकडलेला आणि तीस वर्षांत सिग्नल न तोडलेला, दोघांना एकच दर. नो क्लेम बोनसही दावा केला की जातो, चलन फाटलं म्हणून नाही.

अमेरिकेत उलट आहे. तिथे बऱ्याच राज्यांत अशा चालकाला परवाना परत हवा असेल, तर त्याच्या विमा कंपनीला 'एसआर-२२' नावाचं प्रमाणपत्र राज्याकडे दाखल करावं लागतं, साधारण तीन वर्षं. मध्ये विमा खंडित झाला तर कंपनी राज्याला कळवते आणि परवाना पुन्हा जातो. हप्ताही बराच चढतो. आपल्याकडे विमा नियामकाच्या कार्यगटाने २०२१ मध्ये गुन्ह्यांना गुण देऊन वेगळा हप्ता लावण्याची शिफारस केली होती: दारूला १००, चुकीच्या पार्किंगला १०. आम्हाला ही दिशा बरोबर वाटते. फक्त हप्ता इतका चढू नये की माणूस विमाच सोडून देईल. कारण बिनविम्याच्या गाडीने अपघात केला, तर आपल्या त्या कामगाराच्या घरच्यांना मालकाच्या मागे धावावं लागतं.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा प्रश्न: 'गाडी माझी, चालवत होता भाचा, प्यायलाही तोच. वसुली माझ्याकडून का?' कारण करार तुमच्याशी आहे. पण स्वर्ण सिंह निकालाचा गाभा असा की, अट मोडली गेली एवढं पुरत नाही. त्यात मालकाचा दोष होता हे कंपनीला दाखवावं लागतं. तो निकाल परवान्याच्या प्रश्नावरचा होता, तरी मालकाने वाजवी काळजी घेतली का, हा प्रश्न विचारला जातोच. तेव्हा भाच्याने किल्ली मागितली की त्याची अवस्था बघा. शंका वाटली तर किल्ली खिशात ठेवा आणि त्याला रिक्षा बोलावून द्या.