उपाहारगृहाचा गल्ला आणि अर्थकारभार

एखादे उपाहारगृह नावारूपाला आले, सकाळी टेबलासाठी रांग लागू लागली, की बघणाऱ्याला वाटते, मालकाला आता काय कमी? पण असेच भरलेले हॉटेल दुसरी शाखा काढून दोन वर्षांत बंद पडलेले आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. चवीत खोट नव्हती, गिऱ्हाईक तुटले नव्हते. मग बिघडले कोठे? पुष्कळदा ते हिशेबात बिघडते, असे आम्हांस वाटते.

हिशेबनीस झालेले व्यवहार लिहून ठेवतो. सनदी लेखापाल ते तपासतो व कराची विवरणे भरतो. पुढील चार महिन्यांत पैसा पुरेल की नाही, हे आज सांगणे हे तिसरेच काम होय, आणि त्यास वरच्या दर्जाचा जाणता माणूस लागतो. तो केव्हा नेमावा, हे कायदा आपणांस सांगत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने पूर्णवेळ मुख्य वित्त अधिकारी सक्तीचा केला, तो शेअरबाजारात नोंदलेल्या आणि १० कोटी वा अधिक भरणा भांडवलाच्या सार्वजनिक कंपन्यांना. घरगुती वा भागीदारीच्या हॉटेलाने आपले आपण ठरवावयाचे.

कल्पना करा, महिन्याची विक्री १० लाख रुपये आहे. किराणा, दूध, भाजी साडेतीन लाख. पगार अडीच लाख. भाडे १ लाख २० हजार. गॅस व वीज १ लाख. किरकोळ ८० हजार. उरले १ लाख. आता मालाचा खर्च शेकडा ३५ वरून ४० झाला, की निम्मा नफा गेला. गल्ला मात्र तितकाच भरलेला दिसतो! तरीही अशा मालकाने पूर्णवेळ अधिकारी नेमू नये. त्याच्या पगारातच उरलेला नफा संपेल. महिन्यातून दोन दिवस येणारा अनुभवी सल्लागार त्यास पुरे.

पारडे फिरते ते दुसऱ्या-तिसऱ्या शाखेच्या वेळी. अनामत, भट्ट्या, फर्निचर यांवर आधी पैसा जातो, कर्जाचे हप्ते लगेच सुरू होतात, आणि जम बसेपर्यंत जुनी शाखा नवीला पोसते. शिवाय नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांना ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. म्हणजे भट्टीवरचा करही खर्चातच धरावयाचा. घरपोच मागण्यांची आणखी एक गुंतागुंत आहे. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून आलेल्या जेवणाचा कर अ‍ॅपवाली कंपनी भरते आणि आपले कमिशन कापून घेते. त्यामुळे बँकेत जमा झालेली रक्कम आणि खरी विक्री यांचा मेळ रोज घालावा लागतो. एक थाळी अ‍ॅपवरून विकली तर पदरात काय पडते, याचे उत्तर मालक, आचारी आणि हिशेबनीस तिघेही वेगवेगळे देऊ लागले, की वेळ आली असे समजावे.

गल्ल्यावर मेहुणा बसवून हे भागत नाही. (मेहुण्यांनी क्षमा करावी.) विश्वास आणि जाण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नेमलेल्या माणसाला मालकास 'नाही' म्हणण्याचा अधिकार हवा, आणि नव्या जागेच्या करारावर सही होण्यापूर्वी, निदान सहा महिने आधी, तो कामावर यावयास हवा. सही झाल्यावर त्याच्या हाती फक्त हप्त्यांच्या तारखा सांभाळणे उरते.